दुकानाचा मेसेजही दहा आकडी, चोराचाही दहा आकडी. मग ग्राहकानं ओळखायचं कसं?

धायरी : गेल्या आठवड्यात धायरी फाट्याजवळच्या एका खत-औषधाच्या दुकानात बसलो होतो. पानशेतकडून आलेल्या एका काकांनी गोण्या टेम्पोत टाकल्या आणि खिशातून मोबाईल काढून दुकानातल्या पोरापुढं धरला. "बघ रे बाळा, काय आलंय हे? लाईट तोडायचं म्हणतोय."

पोरानं बघितलं आणि म्हणाला, "काका, खोटा मेसेज आहे हा. नंबर बघा ना, साधा दहा आकडी आहे. यावर फोन करू नका."

काका म्हणाले, "अरे, पण तुमच्या दुकानाचा मेसेज पण दहा आकडी नंबरवरूनच येतो की! उधारीचा आकडा तुम्ही तसाच पाठवता. मग तो खरा आणि हा खोटा, हे मी कशावरून ठरवायचं?"

पोरगं गप्प झालं. मालकही हसले, पण उत्तर कुणाकडंच नव्हतं. प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे, म्हणून आज त्यावरच लिहितो.

सगळा व्यवहार मेसेजवर

धायरी आता पुणे महापालिकेत आहे. गावाचा उरलेला भागही ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर गावांबरोबर पालिकेत गेला. पण सिंहगड रस्त्यानं येणाऱ्या आपल्यासारख्यांना धायरी म्हणजे अजूनही बाजाराचं गाव. डोणजे, खानापूर, पानशेत आणि पाबे घाटातून उतरणारे वेल्ह्याकडचे लोक खत, बियाणं, पाइप, मोटर दुरुस्ती, दवाखाना, गाडीची सर्व्हिसिंग यासाठी इथंच थांबतात. आणि एकदा व्यवहार झाला की दुकानदार नंबर विचारतोच.

मग मेसेज सुरू होतात. बँकेचा, वीजबिलाचा, गॅसचा, विम्याच्या हप्त्याचा, ट्रॅक्टरच्या कर्जाचा. दूध घातलं की काही डेअऱ्या फॅट आणि लिटरचा आकडा मोबाईलवर पाठवतात. काही आडते मालाच्या पट्टीचा फोटो पाठवतात. गॅसच्या टाकीचं तर २०२० च्या नोव्हेंबरपासून असं झालं, की मोबाईलवर आलेला कोड डिलिव्हरीवाल्याला सांगायचा आणि मग टाकी घ्यायची.

पूर्वी पावती हातात यायची, शिक्का असायचा, माणूस ओळखीचा असायचा. आता पावती, नोटीस, आठवण आणि जाहिरात सगळं एकाच खिडकीतून येतं. त्याच खिडकीतून चोरही डोकावतो.

खऱ्या मेसेजला नाव असतं

सरकारनं यावर काहीच केलं नाही असं नाही. उलट भारतात व्यावसायिक मेसेजचे नियम बरेच कडक आहेत, फक्त ते आपल्यापर्यंत नीट पोचलेले नाहीत.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २०१८ साली नियम केला. कोणत्याही धंद्याला ग्राहकांना घाऊक मेसेज पाठवायचे असतील तर आधी मोबाईल कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत स्वतःची नोंदणी करायची. याला डीएलटी म्हणतात. नोंदणीनंतर त्या धंद्याला एक छोटं नाव मिळतं, त्याला हेडर म्हणतात. मेसेज आला की वर नंबराऐवजी हेच नाव दिसतं. नुसतं नाव नाही, तर मेसेजमध्ये काय लिहिणार त्याचा साचाही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात न बसणारा मेसेज मोबाईल कंपनीनं अडवायचा.

ही गाळणी ८ मार्च २०२१ ला पहिल्यांदा पूर्ण जोरात चालू केली, तेव्हा देशभर गोंधळ उडाला. अनेक कंपन्यांनी साचे नोंदवलेच नव्हते, त्यामुळे बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले. ट्रायला सात दिवसांसाठी ती थांबवावी लागली. पुढं ती बसली. १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली लिंकसुद्धा आधी नोंदवलेली असावी लागते. डिसेंबर २०२४ पासून मेसेज कुठून निघाला आणि कुणाच्या हातून गेला, याचा माग ठेवणंही बंधनकारक झालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायनं नियमात अजून एक दुरुस्ती केली, ती आपल्या फार कामाची आहे. आता हेडरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. पी असेल तर ती जाहिरात. एस म्हणजे सेवेचा मेसेज. टी म्हणजे व्यवहाराचा, उदाहरणार्थ ओटीपी. जी म्हणजे सरकारी. म्हणजे मेसेज उघडायच्या आधीच कळतं की हा कशाचा आहे. इंग्रजी वाचता येत नसलं तरी ही चार अक्षरं ओळखायला पोरं दहा मिनिटांत शिकवतील.

मग अडलं कुठं?

नियम मोठ्यांनी पाळला, छोट्यांनी सोडला

अडलं ते छोट्या धंद्यात. बँक, वीज कंपनी आणि विमा कंपनीकडं माणसं आहेत, पैसा आहे, त्यांनी नोंदणी केली. पण खताचं दुकान, गॅरेज, दवाखाना, ट्युशन क्लास, पतसंस्थेची छोटी शाखा, यांना काही हजार रुपये भरून नोंदणी करायची, कागदपत्रं चढवायची, हेडर घ्यायचं, प्रत्येक मेसेजचा साचा मंजूर करायचा आणि वर दर मेसेजला पैसे द्यायचे, हे जमत नाही. एक दुकानदार मला सरळ म्हणाले, "भाऊ, माझी गिऱ्हाईकं तीनशे. त्यांना 'युरिया आला' एवढं सांगायला मी एवढा उपद्व्याप कशाला करू? मोबाईल आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, पाठवला मेसेज."

त्यांचं चुकतंय असं तोंडावर म्हणता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, फोटो जातो, मराठीत लिहिता येतं. पण ट्रायचे हे मेसेजचे नियम व्हॉट्सअ‍ॅपला लागू होत नाहीत. तिथं ना हेडर, ना साचा, ना लिंकची गाळणी. तिथं दहा आकडी नंबर आणि एक फोटो, एवढीच ओळख. फोटो तर कुणीही कुणाचाही लावतो.

झालं असं, की आपल्या ओळखीच्या, प्रामाणिक दुकानदारांनीच आपल्याला सवय लावली. अनोळखी दहा आकडी नंबरवरून मेसेज आला, खाली दुकानाचं नाव लिहिलेलं असलं, की तो खरा मानायचा. लिंक आली की दाबायची. फोटो आला की उघडायचा. पेमेंटचा कोड आला की स्कॅन करायचा. दुकानदाराचा हेतू चांगलाच आहे. पण त्यानं पाडलेल्या वाटेवरूनच चोर येतो. बांध आपणच फोडायचा आणि मग पाणी दुसऱ्याच्या शेतात का गेलं म्हणून ओरडायचं, तशातली ही गत.

वीज तोडण्याचा मेसेज आठवतो?

२०२२ मध्ये महाराष्ट्रभर एक मेसेज फिरला. आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा, असा त्याचा मतलब. खाली दहा आकडी नंबर. घाबरून फोन केला की समोरचा गोड बोलायचा. एक अ‍ॅप टाकायला लावायचा, ज्यातून आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसतो. मग म्हणायचा, फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल. आपण दहा रुपये भरताना पिन टाकायचो, ओटीपी यायचा, ते सगळं त्याला दिसायचं. खातं रिकामं.

महावितरणनं तेव्हा जाहीर केलं की आमचे मेसेज व्हीएम-एमएसईडीसीएल, व्हीके-एमएसईडीसीएल, एएम-एमएसईडीसीएल किंवा जेएम-एमएसईडीसीएल अशा नावानं येतात, आणि त्यात कुठल्याही अधिकाऱ्याचा खासगी मोबाईल नंबर नसतो. सुरुवातीची दोन अक्षरं मोबाईल कंपनी आणि तिच्या विभागाची असतात, ती बदलू शकतात. मधलं नाव बघायचं. आता त्यापुढं शेवटचं अक्षरही येतं.

आणखी एक गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असावी. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायच्या आधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे थकबाकीसाठी 'आजच रात्री तोडणार' असं म्हणणारा मेसेज कायद्यातच बसत नाही. ही एक ओळ माहीत असती, तर २०२२ मध्ये कितीतरी लोक वाचले असते.

त्यानंतर चोरांनी रूप बदललं, पण वाट तीच. पीएम किसानच्या नावानं फाईल येते. आरटीओच्या दंडाच्या नावानं फाईल येते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असं असतं. ती उघडली की मोबाईलमध्ये चोरांचं अ‍ॅप बसतं आणि आपले मेसेज परस्पर तिकडं जातात. ओटीपीसुद्धा. ही फाईल बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून येते, आणि कधी कधी गावच्या ग्रुपवर ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा मोबाईल आधीच गेलेला असतो. सरकारी योजनेचं किंवा दंडाचं काम कधीही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल उघडून होत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

बँकेचा मेसेज म्हणजे घड्याळ

जाहिरातींच्या गर्दीला कंटाळून बरेच जण मेसेज बघतच नाहीत. हे त्याहून महागात पडू शकतं.

रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच काढलं. त्यात म्हटलंय की बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढले, आणि तुम्ही बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांपर्यंतचा भार तुमच्यावर येऊ शकतो, शून्य शिलकीच्या मूलभूत खात्याला ५ हजारांपर्यंत. सात दिवसांनंतर बँकेचं धोरण काय म्हणेल ते.

हे दिवस मोजायला सुरुवात कधी होते? बँकेकडून तुम्हाला व्यवहाराचा मेसेज मिळाल्यापासून. मेसेज मोबाईलवर येऊन पडला की घड्याळ चालू. तुम्ही वाचला की नाही, तो तुमचा प्रश्न. मात्र ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जाहिरातीचे मेसेज वाचू नका, पण बँकेचा एकही सोडू नका. काही बँका लहान रकमेच्या व्यवहाराचे मेसेज बंद करत चालल्यात, २०२४ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेनं तसं केलं. त्यामुळे मेसेज आला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत, असंही समजू नका. पंधरा दिवसांतून एकदा पासबुक भरून घ्या. आणि बँक मेसेजसाठी पैसे कापत असेल तर विचारा. प्रत्यक्ष पाठवलेल्या मेसेजप्रमाणेच आकार लावावा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय.

नंबर कुणाचा आहे?

आपल्या भागात अजून एक घोळ आहे आणि तो आपणच घातलेला आहे. खातं आईच्या नावावर, नंबर पोराचा, पोरगं चाकणला कामाला. वीजमीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर, नंबर जुन्या सिमचा, जे बंद होऊन दुसऱ्याच कुणाला गेलंय. पीक विमा भरताना सेवा केंद्रवाल्यानं घाईत स्वतःचाच नंबर टाकला. मग मेसेज बरोबर येतो, खरा येतो, वेळेवर येतो, फक्त आपल्याला येत नाही. विम्याचा अर्ज त्रुटीत निघाला, दुरुस्तीची मुदत संपली, आणि आपण बसलोय पैशाची वाट बघत.

हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. वीजमीटरला नंबर जोडायचा असेल तर इंग्रजीत एमआरईजी लिहून, जागा सोडून, बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकायचा आणि ९९३०३९९३०३ वर मेसेज करायचा. बँकेत स्वतः जाऊन अर्ज द्यायचा. विमा किंवा योजनेचा अर्ज भरला की पावतीवर नंबर कुणाचा पडलाय, ते तिथंच उभं राहून वाचून घ्यायचं.

दुकानदारांनो, तुमच्यासाठीही धोका आहे

आता धायरीतल्या आणि आपल्या गावागावातल्या दुकानदारांना चार शब्द. साध्या नंबरवरून जाहिरातीचे एसएमएस आणि फोन करणं तुम्हाला वाटतं तेवढं बिनधोक राहिलेलं नाही. २०२५ च्या दुरुस्तीप्रमाणे दहा दिवसांत पाच जणांनी तुमच्या नंबरची तक्रार केली तरी कारवाई सुरू होऊ शकते. पूर्वी ही मर्यादा सात दिवसांत दहा तक्रारींची होती. पहिल्यांदा दोषी ठरलात तर त्या नंबरवरून जाणारे फोन-मेसेज १५ दिवस बंद. पुन्हा तेच केलं तर तुमची सगळी कनेक्शन वर्षभर बंद. धंद्याचा नंबर वर्षभर बंद म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

मग करायचं काय? ज्यांची गिऱ्हाईकं हजारांत आहेत त्यांनी नोंदणी करावी. छोट्यांनी एकेकट्यानं करण्यापेक्षा व्यापारी संघटनेनं किंवा कृषी केंद्रांच्या संघटनेनं नियम विचारून एकत्र काही मार्ग काढता येतो का ते बघावं. तेही नाही जमलं, तर निदान एक पाटी लावा: 'आमचा मेसेज फक्त या एकाच नंबरवरून येईल. आम्ही लिंक पाठवणार नाही. ओटीपी मागणार नाही. उधारीचे पैसे दुकानात किंवा दुकानातल्याच कोडवर भरा.' ही पाटी फुकट आहे. आणि पाटीवर लिहिलंय तसंच वागा. एकदा जरी लिंक पाठवलीत, तर पाटी वाया.

सरकारकडंही एक मागणी आहे. गावातल्या दुकानदाराला, दूध संस्थेला आणि पतसंस्थेला परवडेल अशी स्वस्त, मराठीत भरता येईल अशी नोंदणी असावी. नियम फक्त मोठ्यांना परवडत असेल, तर छोटा माणूस नियमाबाहेरच धंदा करणार, आणि नियमाबाहेरच्या गर्दीत चोराला लपायला जागा मिळणार. दंड वाढवून हे सुटणार नाही.

आपण काय लक्षात ठेवायचं

आधी नाव बघा, मग मेसेज. बँक, वीज, गॅस किंवा विमा यांच्या नावाचा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो खोटा धरून चाला. हेडर कुणाचं आहे ते ट्रायच्या वेबसाईटवर हेडर टाकून तपासता येतं, घरातल्या शिकलेल्या पोरांना करायला सांगा.

जाहिराती नको असतील तर इंग्रजीत स्टार्ट लिहून, जागा सोडून, शून्य टाका आणि १९०९ वर मेसेज करा. यानं ओटीपी किंवा बँकेचे मेसेज बंद होत नाहीत. त्रासदायक जाहिरातीची तक्रार सात दिवसांत करता येते. त्यासाठी ट्रायचं डीएनडी अ‍ॅप आहे. आता आधी नाव नोंदवलेलं नसलं तरी तक्रार घेतली जाते.

फसवणुकीचा संशय आहे पण पैसे गेले नाहीत, तर संचार साथी वेबसाईटवर चक्षू या सोयीत कळवा. पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका, १९३० ला फोन करा आणि त्याच तासात बँकेलाही कळवा. लाज वाटून गप्प बसणारा माणूस चोराचं काम सोपं करतो.

त्या दिवशी काकांनी शेवटी मोबाईल खिशात ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, "मालक, तुमचा मेसेज आला तरी मी आता आधी फोन करणार. आवाज ओळखला तरच पैसे." मालक म्हणाले, "करा की. मला राग नाही."

सध्या तरी यापेक्षा पक्की खूण आपल्यापाशी नाही. पैशाचा मेसेज आला, की आपल्याजवळ आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.